पट्ट्याची पावती

नारिन तुरुंग,
४ मार्च २०१४

ती. अनिपा एजेस,
धाकट्या भावाचा, एसेनकुलचा सलाम वि. वि.

एजे, तू पाठवलेला कुरुत, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, पोचला. पहारेकऱ्याने आत काही लपवलंय का म्हणून प्रत्येक गोळी फोडून पाहिली. आत कुरुतच निघाला, बिचारा हिरमुसला. माझ्या कोठडीतले अबिदिन आके, सत्तरीचे मेंढपाळ, भुगा चाटून तुझ्या हाताला दुवा देतात.

सही का केलीस, असं तू पुन्हा विचारलंस. ठाण्यात पट्टा आणि बुटांच्या नाड्या काढून घेतल्या, दोन दिवस उभं ठेवलं. तिसऱ्या दिवशी साहेबाने पट्टा नि नाड्या टेबलावर मांडल्या, रशियन कागद पुढे सरकवला, सही कर आणि घेऊन जा म्हणाला. मला वाटलं, पट्ट्याची पावती! त्यात मी अकरा घोड्या चोरल्याचं कबूल केलंय हे कोर्टात कळलं. तेही उशिराच, कारण तिथंही सगळं रशियनमध्येच चाललं होतं. सगळे माना डोलवत होते म्हणून मीही डोलवली.

सहा वर्षांची शिक्षा म्हणजे काय, शिंगराचा जाणता घोडा होतो तेवढा काळ. काळजी करू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझा एसेनकुल

अक-ताल,
१७ मार्च २०१४

चि. एसेनकुल यास,
थोरल्या बहिणीच्या अ. उ. दुवा. हे पत्र आधी उघडणाऱ्या साहेबांनाही सलाम.

मान डोलवायची सवय तुला लहानपणापासूनच. आईने मार हवा का विचारलं तरी डोलवायचास.

आता ऐक. सरकारने अपिलासाठी नवी वकील दिली आहे, जिपारा नावाची. दिसते शाळकरी पोरीसारखी, पण बोलते सासूसारखी. मागचा वकील सुनावणीत पेंगत होता, ही कोणाला पेंगू देत नाही. तू सही केलेला तो जबाब तिने मला आपल्या भाषेत वाचून दाखवला. त्यात म्हणे, आरोपीला रशियन उत्तम येतं, दुभाषा नको! मी इतकी हसले की तिने पाणी आणून दिलं. ती मात्र हसली नाही. म्हणाली, ज्याला जी भाषा येते तीत त्याला सगळं समजावणं हा त्याचा हक्क आहे. दुभाषा नाही, वकीलही शेजारी नाही, तर तो जबाब कोर्टात टिकता कामा नये. आणि तो जबाब सोडला तर तुझ्याविरुद्ध दुसरा पुरावाच नाही.

तुला रशियन येत नाही हे शपथेवर कोण सांगेल, असं तिने विचारलं. मी म्हटलं, शाळेत तुला रशियन शिकवणाऱ्या क्लारा बाई! ब्याऐंशी वर्षांच्या झाल्यात, नारिनलाच लेकीकडे असतात, आणि तुझं नाव काढल्याबरोबर कपाळाला हात लावला.

अंगाला जप, मनाला त्याहून जप.

तुझी अनिपा

नारिन तुरुंग,
२८ मार्च २०१४

ती. एजेस सलाम वि. वि.

पाया पडतो, क्लारा बाई नकोत. रशियनमध्ये दोन वर्षं नापास झालो हे निम्मं गाव विसरलंय, उरलेलं अर्धं मेलंय. आता कोर्टात दवंडी पिटायची का?

आणखी एक. इथल्या एका साहेबाने सांगितलं, अपील मागे घेतलंस तर जवळच्या तुरुंगात ठेवू, नाहीतर लांब जाशील. लांब गेलो तर तुझी भेटही व्हायची नाही. एजे, मी थकलोय गं. घेऊया का मागे? रागावलीस तरी लिही.

एसेनकुल

अक-ताल,
५ एप्रिल २०१४

चि. एसेनकुल यास,
दुवा नंतर, आधी कान धर.

न केलेल्या चोरीसाठी चोर म्हणवून घ्यायला लाजला नाहीस, आणि नापास म्हणवून घ्यायला लाजतोस? त्या साहेबाला सांग, माझी एजे लांबही येते. जिपारा म्हणाली, तो काय बोलला ते तारखेसकट लिहून ठेव. लिहायला कागद उघडपणे मागून घे, तोही तुझा हक्क.

थकलास तर झोप. अपील मागे घ्यायचं नाही.

अनिपा

नारिन तुरुंग,
२१ मे २०१४

ती. एजेस सहस्र सलाम वि. वि.

दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि नेमकी सुनावणीला तूच राहिलीस! सगळं सांगतो.

न्यायाधीशीणबाईंनी माझाच जबाब मला मोठ्याने वाचायला सांगितला. पहिली ओळ चार ठिकाणी अडखळलो, दुसरी वरून खाली वाचावी की खालून वर तेच कळेना. सरकारी वकील म्हणाले, हा नाटक करतोय. तशा क्लारा बाई काठी टेकत उठल्या. म्हणाल्या, याला नाटक येत असतं तर शाळेच्या नाटकात तीन वर्षं झाड करून उभा केला नसता. न्यायाधीशीणबाईंनी रुमाल तोंडाला लावला. मग बाई माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या की, पोरा, त्या वर्षी तुला घासून शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती. एजे, मला रडू आलं.

जबाब बाद. शिक्षा रद्द. सुटकेचा कागद चार दिवसांत येईल. अबिदिन आकेंना हे सांगितलं. ते म्हणाले, मीही एका कागदावर सही केली होती.

तुझा निर्दोष आणि नापास,
एसेनकुल

नारिन,
१७ जून २०१४

ती. एजेस सलाम वि. वि.

जिपाराने आकेंचं प्रकरण हातात घेतलं. आज त्यांच्यासाठी तू तळून दिलेल्या बोरसोकांचा डबा घेऊन तुरुंगाच्या दारात गेलो. चौदा महिने आत होतो, पण डबे घेऊन आलेल्या घरच्यांची ती रांग आज पहिल्यांदा पाहिली. सावली नाही, बसायला दगड नाही, खिडकी मनात येईल तेव्हा उघडते. माझं नाव ऐकून बायका म्हणाल्या, म्हणजे तू अनिपाचा भाऊ. ती हिवाळ्यात दोनदा चक्कर येऊन पडली, तरी डबा सोडला नाही तिने. तुझ्या एकाही पत्रात हे नव्हतं.

मीही सगळं लिहिलं नव्हतं. घरी आलो की बसू, एकमेकांना सांगू.

भिंतीला लागून वारा जरा कमी लागतो, तिथे त्या बायकांनी मला बोलावलं. म्हणाल्या, ही तुझ्या एजेची जागा. दुपारपर्यंत तिथेच उभा होतो.

एसेनकुल