भरलेली मोटार

१२ ऑक्टोबर, उमापूर

आले एकदाची. पुण्याहून टेम्पोत आठ ब्लोअरांच्या मधे बसून, मांडीवर डबा घेऊन. पुराचं पाणी या वसतिगृहात चार दिवस छातीएवढं होतं. ते ओसरलं, पण भिंती अजून ओल धरून आहेत. त्या सुकवायला कंपनीने मला एकटीला धाडलंय आणि मी जाम खूश आहे.

हे वसतिगृह ऊसतोड कामगारांच्या मुलींचं. सत्तावीस तारखेला टोळ्या कारखान्यांकडे निघणार. तोवर इमारत कोरडी झाली, तर बेचाळीस मुली इथे राहून शाळेत जातील. नाहीतर आईबापांबरोबर फडात. मी आष्टीची, अशाच टोळीतली. सातवीचं अर्धं वर्ष मी मोळ्या वाहिल्यात. तेव्हा सत्तावीस म्हणजे सत्तावीस.

स्वयंपाकाच्या साखराबाईंनी आल्या आल्या गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले आणि पंख्याच्या वाऱ्यानं कुठं भिंती वाळत्यात का, असं विचारलं. मी म्हटलं, कपडे वाळतात ना, मग भिंतींनी काय घोडं मारलंय.

१५ ऑक्टोबर

मी आले तेव्हा ओल मोजायच्या यंत्रावर अठ्ठावीस टक्के होते, आज चोवीस. पंधराच्या खाली आणायचंय. ब्लोअर जमिनीलगत, भिंतीशी तिरके लावलेत, म्हणजे वारा भिंतीला घासून जातो.

दुपारी लाइट कमी-जास्त झाली आणि तीन जळाले. एकेक चोवीस हजारांचा. ऑफिसला फोन केला तर म्हणाले, हे मॉडेल उघडत नाही, रिव्हेट मारलेलं असतं, सुटे भाग येत नाहीत, फेकून दे. नवे बारा दिवसांत. बारा दिवसांनी म्हणजे सत्तावीसलाच. मी म्हटलं, जी वस्तू आपल्याला उघडता येत नाही ती आपली कसली? वॉरंटी जाईल म्हणाले. जाऊ दे म्हटलं. तिन्हींचे रिव्हेट ड्रिलने उडवले. फार बरं वाटलं.

१६ ऑक्टोबर

गावातला सटवा मिस्त्री मोटारी भरतो. आमच्याकडे असंच म्हणतात: जळालेली तार काढायची, नवी भरायची. बाराशे रुपयांत मोटार परत उभी.

त्याच्या दुकानात गाळाची रेघ पार पत्र्यापाशी आहे. बायको मनकर्णा त्याच्याहून सफाईने तारेचे वेढे घालायची. पुरात दुकानातच अडकली आणि गेली. हे त्याने हातातलं काम न थांबवता सांगितलं.

तार दोनच मोटारींपुरती निघाली. तिसरी कशानं भरू, असं त्याने विचारलं. मी घाईत होते. म्हटलं, कशानंही भरा, पण उद्या द्या. त्याने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाला, शब्द तुमचा हाय ना ताई, मालकाच्या शब्दाबिगर ती भरता येत न्हाई. हो म्हटलं, माझा शब्द.

१८ ऑक्टोबर

तिसरा ब्लोअर म्हणजे कमाल आहे. मागची खोली एका दिवसात चोवीसवरून चौदावर. ऑफिसला मुद्दाम फोटो पाठवला. बसा म्हणावं.

साखराबाई कुरकुरतात की त्या खोलीबाहेरचा हंडा रिकामा झाला. गळ्यापर्यंत भरलता म्हणे. मी म्हटलं, गळत असेल.

२० ऑक्टोबर

हंडा गळत नाही. साखराबाईंची शेळी आटली. खिडकीजवळचं लिंबाचं झाड पानांसकट कडक झालंय. माझे ओठ फुटलेत.

तिसरा ब्लोअर बंद केला. चालूच. पिन काढली. पिन माझ्या हातात आणि तो चालूच. मला भीती वाटली, ते लिहायला लाज कसली.

२१ ऑक्टोबर

सटवाने कबूल केलं. तार नव्हती. मनकर्णाची कापून ठेवलेली वेणी त्याच्याजवळ होती, तिसरी मोटार त्या वेणीनेच भरलीय. पाण्यानं गेली ती, म्हणाला, आता तिला पाणी दिसलेलं खपत न्हाई. ज्याने शब्द दिला त्यानेच हाताने उलटे वेढे काढायचे, तरच थांबेल. आधी का नाही सांगितलंत, असं मी चिडून विचारलं. तो म्हणाला, लई दिसांनी त्यातनं तिचा आवाज ऐकतोय, माझ्यानं सांगवलं न्हाई.

आत्ताच काढले असते. पण चार खोल्या अजून एकोणीसवर आहेत आणि सहा दिवस उरलेत. आधी भिंती. मग तिचं बघते.

२३ ऑक्टोबर

दोन खोल्या झाल्या. ब्लोअर मीच उचलून नेते. हात लावला की तो थरथरतो. थुंकी येत नाही. बाटली तोंडाशी नेईपर्यंत रिकामी.

साखराबाई चुलीपाशी कोसळल्या. सलाइन लावलंय. माझं नाव घेऊन म्हणाल्या, सुकन्या, सोड हे. नाही सोडणार.

२५ ऑक्टोबर

एक खोली उरली. सकाळी रडावंसं वाटलं. डोळ्यांत काही आलंच नाही — पापण्या नुसत्या खरखरल्या.

ब्लोअरजवळ बसलं की ऐकू येतं. बाई बोलतेय. दम लागल्यासारखं —

मी तिला भीक घालणार नाही.

२६, सकाळ

सगळ्या भिंती बारावर. झालं. मी केलं.

आता वेढे —

२६, दुपार

टोळी एक दिवस आधी सुटली. ट्रॅक्टर फाटकात. मुली उतरताहेत — एकीने बाटली उलटी करून दुसरीला दाखवली. पाणी मागताहेत. सगळ्याच.

हॉलला आतून कडी घातली. ब्लोअरचं झाकण काढलं. तिला स्पष्ट सांगितलं, बाई, तुझे उपकार आहेत. पण पोरींच्या तोंडचं पाणी घ्यायचं नाही. त्यांना इथे राहायचंय.

एका हाताने काढतेय, एका हाताने लिहितेय. कोणाला तरी कळायला हवं.

सत्तर वेढे. एकशे दहा. वेणी लांबतच —

बोटं चिरली. रक्त येत नाही. कोरडी —

बाहेरून कडी वाजवताहेत. मुली. ताई, पाणी —

मनकर्णाने मनगट धरलंय. धर. तू तिकडून ओढ, मी इकडून. बघू कोण आधी —