जीपखालची सावली

२८ मार्च, शुक्रवार

झाली एकदाची उभी ती लिफ्ट! गॅरेजात चार खांब, दोन लांब पट्ट्या, आणि त्यावर आबांची जीप. सासऱ्यांना जाऊन सहा वर्षं झाली, जीप बंद पडून आठ. पण विकायची नाही. भंगारात द्यायची नाही. मग नवी गाडी धुळ्याच्या उन्हात किती दिवस भाजायची? म्हणून जीप वर टांगायची आणि नवी खाली लावायची — ही माझ्या नवऱ्याची, भूपेंद्रची अक्कल. शिरपूरला कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो ना!

वर जाताना आवाज तरी केवढा! टक्, टक्, टक् — प्रत्येक आवाजासरशी माझ्या कपाळात एक कळ. लिफ्ट बसवणारे हिलालभाऊ म्हणतात, "ताई, आवाज येऊ द्या. आवाज येतो तोवर काळजी नाही." बसवणारा दुसरं काय म्हणणार.

३० मार्च, पाडवा

आई शिंदखेड्याला, माझ्या नणंदेकडे, दिपमालाकडे गेल्यात. चांगल्या आठवडाभर. म्हणजे गुढी मी, पुरणपोळी मी आणि लिफ्टची पूजाही मीच. भूपेंद्र फोनवर.

खांबाला स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. एक लोखंडी दांडा उगाच बाहेर लोंबत होता, येता-जाता पदर अडकायचा. तो वर दाबून खांबाला टेकवला आणि नाडाछडीचे वेढे मारून घट्ट बांधला. तीन गाठी. दिसायलाही छान दिसतं.

आणि काय आश्चर्य, जीप परत वर नेली तर आवाज बंद! एकदाही टक् नाही. भूपेंद्र म्हणतो, मशीन रुळलं. मी म्हणते, देवाने माझं डोकं वाचवलं.

३ एप्रिल, गुरुवार

लिफ्टचं माहितीपुस्तक सापडलं. कुठे? माळ्यावर, फराळाच्या डब्यांमागे! चाळीस पानं, मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. प्राध्यापकांनी पहिलं पानही उघडलेलं नाही. पहिल्याच पानावर लाल चौकटीत — गाडी वर असताना खाली कोणी थांबू नये. पुढचं वाचायला डोळे राहिले नाहीत. पण तेवढं पुरे आहे. उद्या पाटी लावते.

८ एप्रिल, मंगळवार

आई परवा परत आल्या. आणि आज! सकाळची शाळा करून बाराला घरी आले, तर जीपच्या खाली सहा बायका! पोळपाट, लाटणी, तेलाच्या वाट्या, मधोमध उडदाच्या पिठाचा गोळा. आई मुकादमासारख्या मध्यभागी. भूपेंद्र नवी गाडी घेऊन कॉलेजला गेला की खाली मोकळी फरशी, वर जीपची सावली, दोन्हीकडून वारा. शेजारच्या पुष्पाबाईंनी पिठाची पिशवी माझ्या पाटीच्याच खिळ्याला अडकवलेली. "खाली थांबू नये" ही अक्षरं पिशवीमागे गडप.

म्हटलं, आई, डोक्यावर तेराशे किलो आहेत!

"तुले काय व, शाळामा पंखा शे. आम्हले आठे थंड लागस."

पुष्पाबाई म्हणाल्या, "आबांची जीप आहे, आबा पडू देतील का?" सगळ्या हसल्या. मी नाही हसले.

१२ एप्रिल, शनिवार

पिवळा ऑइलपेंट आणून लिफ्टभोवती चौकट आखली. याच्या आत यायचं नाही! दोन तास गुडघ्यांवर. कंबर गेली.

१५ एप्रिल, मंगळवार

बायका चौकटीच्या आतच बसल्या. पोळपाटाला पोळपाट लावून, सरळ रांगेत. "रेघ मारी दिनी ते बरं झायं," आई म्हणाल्या. "कोनी कोनाले लाटनं लागत नही." हात जोडले मी.

भूपेंद्रला सांगितलं, तू तरी आईंना समजाव. म्हणे, "तीन टन पेलते ती. तू उगाच शाळा घेऊ नकोस." घरात मला विचारतं कोण!

१८ एप्रिल, शुक्रवार

आज आईंचं नवीनच. मी चपला काढत होते तर म्हणाल्या, "नूतन, गाडी खाले उतरी ऱ्हायनी. उठनू ते मना डोकाले लागनी."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळंच जवळ दिसतं. कालच दुधाचं पातेलं कट्ट्याच्या अलीकडेच ठेवत होत्या. म्हटलं, आई, गाडी नाही उतरत, तुम्ही तिथे बसणं सोडा! जरा मोठ्यानेच म्हटलं. बायकांसमोर. त्यांनी पुढचा पापड घेतला.

बोलायला नको होतं. पण किती दिवस तेच तेच सांगायचं?

२२ एप्रिल, मंगळवार

त्रेचाळीस. अंगणात पापड दोन तासांत कडकडीत वाळतात. माणसंही.

२४ एप्रिल, गुरुवार

आता हद्द झाली! आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, दिपमाला येणार, दोन्ही मुलींना घेऊन. माहेरी आखाजीचा झोका हवाच. दारचा निंब गटारीच्या कामात गेल्या वर्षी गेला. मग झोका कुठे? भूपेंद्र ताटावरून उठता उठता म्हणतो, "लिफ्टच्या आडव्या पट्टीला बांधू. मजबूत आहे."

म्हणजे वर जीप, खाली बायका, मध्ये झोक्यावर माझ्या भाच्या! हा माणूस मुलांना मशीन शिकवतो. त्यांच्या आईबापांना माहीत आहे का?

मी सरळ जळगावला हिलालभाऊंना फोन लावला. म्हटलं, या आणि तुमच्या तोंडाने यांना नाही म्हणा. माझं कोणी ऐकत नाही. शनिवारी येतात.

बरं वाटलं. आता सगळ्यांना कळेल, इतके दिवस मी का ओरडत होते.

२६ एप्रिल, शनिवार

हिलालभाऊ अकराला आले. गॅरेजच्या दारातच थांबले. वर पाहिलं आणि म्हणाले, "आधी सगळ्या बाहेर या." आवाज असा की बायका पोळपाट तिथेच टाकून उठल्या. पुष्पाबाईसुद्धा.

मग त्यांनी विचारलं, "वर नेताना टक् टक् ऐकू येतं का?"

भूपेंद्र म्हणाला, "नाही. पाडव्यापासून गप्प आहे." वर असंही म्हणाला की रोज थोडी खाली बसते, म्हणून संध्याकाळी गाडी लावायच्या आधी तो बटण दाबून चार बोटं वर घेतो. पंधरा दिवस! कोणाला सांगितलं नाही. म्हणजे आईंना बरोबर दिसत होतं.

हिलालभाऊ खांबाजवळ गेले. नाडाछडीवर बोट ठेवलं. "हा दांडा कोणी बांधला?"

तो दांडा दाबला की चारही खांबांतल्या खिट्या आत ओढल्या जातात. फक्त गाडी उतरवतानाच दाबायचा. सोडला की खिट्या बाहेर येतात आणि जीप त्या लोखंडावर टेकते. टक् आवाज त्या खिट्यांचा. "महिनाभर ही जीप नुसत्या तेलाच्या दाबावर उभी आहे, सर. पाइप फुटला असता तर..." खाली अर्धवट लाटलेले पापड होते, त्यांच्याकडे ते बघत राहिले.

"सांगा ना, कोणी बांधला?"

मी धाग्यावरच्या गाठी मोजत राहिले.

"मी बांधेल शे," आई म्हणाल्या. "देवनं म्हनीसन."

भूपेंद्र जो सुटला! गल्लीसमोर, बायकांसमोर. मशीनला हात लावायला सांगितलं कोणी, आज सहा जणी मेल्या असत्या, तुला कळतं का काही. आई पिठाचे हात पदराला पुसत उभ्या. मी चहा टाकायला आत गेले.

हिलालभाऊंनी धागा कापला. जीप खाली घेतली, परत वर नेली. टक्, टक्, टक्. वर पोचली तशी खिट्यांवर टेकवली. झोक्याला साफ नाही म्हणाले आणि खालून कोणी जाऊही नका म्हणाले. या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

२७ एप्रिल, रविवार

पाडव्याला आई शिंदखेड्याला होत्या. भूपेंद्र विसरला. आई विसरलेल्या नाहीत, आणि पूजा कोणी केली तेही त्यांना ठाऊक आहे. काल त्या माझ्या वाट्याची बोलणी खात होत्या आणि मी आत चहात साखर घालत होते.