डाव्या बाजूची रिकीब

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (नमस्कार खरंच साष्टांग आहे. का ते खाली वाच.)

मी नको ते करून बसलोय. आधी तेच सांगतो, तब्येतपाणी मग विचारतो. मामांना भंगार बाजारात जी डावी रिकीब सापडली, ती मी बनवलीय.

तू लग्न करून सुटलीस, तुला इथली दशा ठाऊक नाही. बाहेरच्या खोलीत आता माणसांना बसायला जागा नाही. मधोमध लाकडी घोडीवर घोडदळातलं जुनं खोगीर, खिडकीला लगाम, आणि घोडा ज्यातून चंदी खायचा तो तोबरा मामीच्या पिठाच्या डब्याला खेटून. कातड्याला तेल लावायचं नाही, फडकं मारायचं नाही. घोड्याच्या घामाचे डाग हाच म्हणे त्याचा दागिना. मामी म्हणते, माझ्या घामाची एवढी कदर कुणी केली नाही.

जुन्या घोडदळात प्रत्येक घोड्याला नंबर असायचा आणि त्याच्या सगळ्या सामानावर तोच ठोकायचे. मामांकडे एकाच घोड्याचं सगळं जमलं होतं. अडलं होतं फक्त डावा पाय ठेवायच्या रिकिबीपाशी. त्यासाठी दर सुट्टीला मला भंगाराच्या ढिगात उतरवायचे. एकदा माझ्या पायात खिळा घुसला, तर मामांनी आधी विचारलं, घोड्याच्या नालेचा आहे का बघ.

म्हणून डोकं फिरलं. एक साधी रिकीब मिळवली, मिठाच्या पाण्यात टाकून गंजवली, कारखान्यात कुलपांवर नंबर मारतो त्याच ठशांनी त्या घोड्याचा नंबर ठोकला आणि ढिगात पेरून ठेवली. संध्याकाळी सांगून हसायचं, एवढाच बेत. पण मामांनी ती उचलली आणि तिथल्याच एका पोत्यावर मटकन बसले. घरापर्यंत शर्टाच्या आत धरून आणली. मामीला म्हणाले, आपला घोडा पुरा झाला.

आता कुठल्या तोंडाने सांगू? त्यात सगळा संच ते संग्रहालयाला देतायत. तिथले तज्ज्ञ तपासायला येणार आहेत. काहीतरी सुचव. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाल, बाकीच्याही.

तुझाच,
विंचू

१८ जानेवारी

चि. विंचवास,
आशीर्वाद, लायकी नसताना.

पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग हात शिवशिवले. तू समोर असतास तर कान उपटून हातात दिला असता. लहानपणी शेजाऱ्यांच्या घंटीला चिकटपट्टी लावायचास, मास्तरांच्या छत्रीत भुसा भरायचास, ते ठीक होतं. अरे, पण मामांचा जीव जिथे अडकलाय नेमका तिथेच हात घातलास?

पोस्टातल्या नोकरीत त्यांना कुणी कधी शाबासकी दिली नाही. तो घोडा एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी केली. तज्ज्ञ आले की पहिल्या झटक्यात ओळखतील आणि चारचौघांत मामांचं नाक कापलं जाईल. लोक म्हणतील, म्हातारा बनावट माल खपवतोय. ते येण्याआधी सांग. आज सांग. मार पडला तर खा, मुकाट्याने.

मामीचे गुडघे कसे आहेत? तिला औषध वेळेवर घ्यायला सांग. तुझ्यावरचा लोभ सध्या काढून घेतलाय, सांगितलंस की परत देईन.

तुझी,
ताई

२७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

नाही सांगितलं. रोज तोंड उघडायचो आणि मामा नेमकी ती रिकीब हातात घेऊन बसलेले असायचे. पण तू आता मला शिव्या देऊ नकोस, जरा राखून ठेव, त्या दुसऱ्याच माणसाला लागतील.

तज्ज्ञसाहेब आले. भिंग, टॉर्च, हातमोजे, सगळा सरंजाम. सोबत वही धरायला एक सहायक. मामांनी नवा शर्ट घातला होता. साहेबांनी खोगीर पाहिलं, लगाम पाहिला, पोटाखालून बांधायचा तंग पाहिला आणि प्रत्येक वेळी नाकातून हुं केलं. मग रिकीब उचलली आणि त्यांचा चेहरा उजळला गं! सहायकाला म्हणाले, लिहा, ही निःसंशय अस्सल. ठसे बघा किती सरळ, किती सारखे, ही लष्करी शिस्त. बाकीच्या सामानावरचे नंबर वाकडेतिकडे, एक खोल, एक उथळ. तेव्हा ते कुणी हौशी माणसाने मागाहून ठोकलेले, म्हणजे बनावट.

ताई, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कुलपाच्या कारखान्यातला माझा ठसा अस्सल, आणि मामांनी वर्षानुवर्षं हाडं झिजवून जमवलेलं सगळं खोटं? ज्याला गंज आणि मीठ यातला फरक कळत नाही त्याच्या नावापुढे ही एवढी अक्षरं? शिवाय निघताना मामांच्या खांद्यावर थोपटलंन, वाईट वाटून घेऊ नका, हौसेला मोल नसतं म्हणे. मी दारामागे दात खात उभा होतो. बोललो असतो तर माझंच पितळ उघडं पडलं असतं.

मामांच्या घशाखाली तेव्हापासून घास उतरत नाही. काय करू?

तुझा,
विंचू

२९ जानेवारी

चि. सौ. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुला कळलं असेलच. खोगीर खोटं, लगाम खोटा, आणि रिकीब तेवढी खरी, असा न्याय झाला. माझं सगळं घोडं खोटं ठरवून हा गृहस्थ एक पाय ठेवायची जागा खरी ठरवतो!

मी त्याला समजावलं. घोडा एका तुकडीतून दुसऱ्या तुकडीत जायचा, सामान फाटायचं, बदलायचं. ज्याच्या हाती हातोडी असेल तो नंबर ठोकायचा, कधी छावणीत, कधी पावसात. नंबर वाकडाच पडणार. सरळ पडला तर उलट शंका यावी. त्यावर तो हसला. मला म्हणाला, रिकीब एवढी द्या, ती काचेत ठेवू. मी सांगितलं, घोडा देईन तर पुरता देईन, नाहीतर काही देणार नाही.

तुझा भाऊ फार मनाला लावून बसलाय. जेवत नाही, नजर देत नाही. या कार्ट्याला माझ्याबद्दल इतकी माया असेल असं वाटलं नव्हतं. त्याला दोन ओळी लिही.

तुझा,
मामा

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न., या वेळी ताठ मानेने. निदान अर्ध्या.

मामांनी तुला माझ्या मायेबद्दल लिहिलंय हे तुझ्या पत्रातून कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी ठसे आणि हातोडी खिशात घालून संग्रहालयात गेलो. तज्ज्ञसाहेबांच्या टेबलावर एक कोरं कुलूप ठेवलं आणि त्यांच्यादेखत तोच नंबर ठोकला. त्या नंबरात सात आहे आणि आमच्या साताच्या ठशाची शेपटी तुटलीय. त्यांनी भिंगातून कुलूप पाहिलं, मग रिकिबीचा फोटो पाहिला, आणि घाम पुसत खाली बसले. बसल्यावर विचारलं काय, तर हे आणखी कुणाला माहीत आहे. मामांचं नावसुद्धा काढलं नाही.

लगेच घरी आले. म्हणे फेरविचार केला, खोगीर-लगाम सगळं अस्सल आहे, रिकिबीला मात्र जागा नाही. मामा असे भडकले! ज्या एका वस्तूची आरती ओवाळलीत, तिलाच आता जागा नाही? चालते व्हा म्हणाले.

मग मात्र मी सांगून टाकलं. कानफटात बसेल म्हणून डोळे मिटून उभा होतो. काहीच बसलं नाही. डोळे उघडले तर मामा खिडकीपाशी रिकीब उजेडात धरून सातावरून अंगठा फिरवत होते. म्हणाले, “मला दिसायला हवं होतं रे.”

त्यापेक्षा मार परवडला असता, ताई.  चार दिवसांनी मामांनी आपणहोऊन संग्रहालयाला कळवलं की एका रिकिबीचाच घोडा घेऊन जा, डावा पट्टा रिकामा लटकू द्या.

काल काचेचं दालन उघडलं. आणि त्या चोराने भाषण काय केलं असेल? की वाकडे ठसे हीच अस्सलपणाची खूण, पावसात, छावणीत ठोकलेले, आणि अनुभवी नजरेला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं! मामांचं वाक्य न् वाक्य उचललंन. लोक टाळ्या वाजवत होते. मी उठलोच होतो, पण मामांनी मनगट धरून खाली बसवलं. कानात म्हणाले, त्याचं पितळ उघडं पाडशील तर माझंही पडेल.

तेव्हा हे सगळं गिळून बसलोय. भाऊजींना चुकूनही सांगू नकोस, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. मामीलाही नाही. ती कालपासून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेय की आमच्या ह्यांच्या नजरेतून काही म्हणून सुटत नाही, आणि मामा मान खाली घालून ऐकतायत. तिला सांगू दे. मला काय हवी ती शिक्षा दे, लोभ वर्षभर देऊ नकोस, पण पाया पडतो ताई, कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस.

तुझा,
विंचू