कॉलरचा दोरा कापणारा खुनी

पिंप्राळा, जळगाव
बुधवार, दुपार

ती. अक्का,

धाकट्या सुकदेवचा सविनय जय भीम. तुझा गुडघा आणि सोनगीरची हवा, दोन्ही ठीक असेल अशी आशा करतो. इकडे सविता, मी आणि संघमित्रा खुशाल आहोत. (पोरीचं नाव वाचून पत्र फेकू नकोस, एवढं ऐक.) तिनं तू आणलेलं धुळ्याचं स्थळ नाकारल्यापासून पाच महिने तू तिच्याशी बोलत नाहीस, आणि तिचा बाप म्हणून माझाही फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. लिहायला बसल्यापासून तीनदा उठलो. मशीनवर बसलो तर बाही उलटी जोडली. मन ठिकाणावर नाही. कारण सांगतो, पण आधी खाली बस. तुझ्या भावानं गेल्या आठवड्यात सहा खून केले.

सिनेमातले, अक्का. पूर्वी ते सिनेमे असायचे ना, मुखवटा घातलेला माणूस हत्यार घेऊन एकेकाला गाठायचा, आणि पळणारे नेमके जिकडे जायला नको तिकडेच पळायचे? त्या सिनेमांवर संघमित्राचा भारी जीव, म्हणून त्यांची थट्टा करणारा तासाभराचा सिनेमा ती करते आहे. खुनी शिंपी आहे, हातात कापडाची कात्री. दुसरा शिंपी कुठून आणणार? आता माझी पंचाईत बघ. सकाळी विहारात 'प्राणिहत्या करणार नाही' म्हणायचं आणि अकराला रावेरच्या केळी भरायच्या शेडमध्ये खुनाला हजर व्हायचं. शेवटी भंतेजींना विचारलं. त्यांनी बराच वेळ डोळे मिटले (मला वाटलं ध्यान, पण ते हसू आवरत होते) आणि म्हणाले, "मेलेले जेवायला उठतात ना?" मी म्हटलं, "आमच्या आधी उठतात." "मग जा."

पहिलाच खून शेजारच्या लीलाधरचा. त्याला शुगर, त्यामुळे पळवत नाही. खुन्यानं हळू चालायचं असतं, पण मी कितीही हळू चाललो तरी त्याला गाठायचो, म्हणून मध्ये थांबून एक खांब न्याहाळायचो. तोंडावर गोणपाटाचा मुखवटा, वर पत्रे तापलेले, डोळ्यांत घाम. एकदाचा गाठला. कात्री मानेपाशी नेली तर हा पडल्या आवाजात म्हणतो, "भाऊ, धीरे मार रे, सदरा नवा शे!" तेव्हा मी सदऱ्याकडे पाहिलं, आणि घात झाला. कॉलरचा दोरा सुटलेला. (सदरा माझ्याकडचा नव्हता, हे तुला सांगायलाच हवं.) सत्तावीस वर्षांचा हात, अक्का. दोरा कापला, खांदा सारखा केला, पाठीवर थाप मारून म्हणालो, "झालं, जा." लीलाधर खरंच घरी निघाला! घेवरचंदशेठचा पोरगा श्रेयांस कॅमेऱ्यामागे हसून हसून खाली बसला. मला वाटलं पोरीचं काम बिघडवलं. पण तिनं तो प्रसंग तसाच ठेवला. आता खुनी प्रत्येकाचा आधी दोरा कापतो, मग त्याला.

एरवी सगळं झालं, फक्त शेवट अडलाय. रविवारपर्यंतच शेड आपली, सोमवारपासून तिथं केळीच्या गाड्या लागणार. रविवार हुकला तर सिनेमा तसाच लटकणार, आणि पोर दोन दिवस नीट जेवलेली नाही. असो. तुझा याच्याशी काय संबंध? मन मोकळं केलं, इतकंच.

तुझा,
सुकदेव

ता. क. संबंध आहे. त्या सिनेमांत शेवटी एक मुलगी उरते, जिला खुनी मारू शकत नाही. संघमित्राच्या सिनेमात ती मुलगी पासष्ट वर्षांची आहे. ती पळत नाही. खुन्याला कान धरून उभा करते आणि कपडे धुवायच्या मोगरीनं बडवते. तिची वाक्यं पोरीनं रचलेली नाहीत, तू मला आजवर जे बोललीस तेच उतरवलंय. गल्लीतल्या दीपमालाताईंना त्या जागी उभं करून पाहिलं, तर त्यांनी मला मारून वर "लागलं का हो?" विचारलं. संघमित्रा म्हणते, आत्या नाही तर शेवट नाही.

ता. क. २. मी हे पत्र लिहिल्याचं तिला ठाऊक नाही.

ता. क. ३. ठाऊक आहे. मघापासून मागे उभी राहून वाचते आहे. म्हणते, लिहा, आत्याच्या पाया पडते, पण धुळ्याला 'हो' म्हणणार नाही.

ता. क. ४. ती आत गेली. अक्का, तुझा ब्लाउज शिवून ठेवलाय. उजव्या काखेत दोन बोटं सैल सोडलाय, हात पुरता वर जावा म्हणून. श्रेयांस फोमची मोगरी करणार होता, मी नको म्हटलं. पाच महिन्यांचा राग फोमनं निघायचा नाही. शनिवारी ये.