समुद्राकडचा ठिपका

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा. सैन्यात नेत्र तंत्रज्ञ म्हणून राजस्थान झालं, आसाम झालं, पण घराच्या, बांद्याच्या इतक्या जवळ बदली होईल असं वाटलं नव्हतं. कुडाळ स्टेशनवर जीप आली होती. चौकी मालवणच्या अलीकडे, अगदी किनाऱ्यावर. जवान पाळीपाळीने मनोऱ्यावर बसून दुर्बिणीतून समुद्र न्याहाळतात आणि मी त्यांचे डोळे तपासायचे. तपासणीची खोली चिऱ्याची, खिडकी थेट समुद्रावर. स्वयंपाकाला गावातल्या सुगंधाकाकी आहेत. मी फर्नांडिसांचा ज्युड, बांद्याचा, म्हटल्यावर त्या मालवणीतच सुरू झाल्या आणि बांगड्याचं तिखलं पुन्हा वाढलं. आईला फोन केला. नाताळला घरी येशील ना, एवढंच तिचं चाललं होतं. येईन म्हटलं. आता काय, एसटीनेसुद्धा जाता येईल.

५ नोव्हेंबर
डोळा आतून बघायचं यंत्र आलं, बल्ब नाही. फोन केला तर म्हणाले, बल्ब वेगळ्या विभागाकडून येतो. त्या विभागाचा फोन कुणी उचलत नाही. चौकीचे डॉक्टर कॅप्टन सामंत म्हणतात, तोवर टॉर्चवर भागवा, या आठवड्यात सगळे तपासून झाले पाहिजेत. टॉर्चवर! डोळ्याच्या आतला पडदा काय टॉर्चने दिसतो?
आज मंगेश नावाचा जवान आला. कुडाळजवळचा, घरची काजूची बाग, शांत पोरगा. समुद्रावर एक काळा ठिपका दिसतो म्हणाला. तक्त्यावरची शेवटची ओळ मात्र त्याने धडाधड वाचली. डोळ्यात कधीकधी ठिपके तरंगतात, घाबरू नकोस, असं मी सांगितलं. तो हळूच म्हणाला, "डोळे मिटले तरी दिसता, दादा."

८ नोव्हेंबर
डोक्यातून जाईना म्हणून मंगेशला परत बोलावलं. डोळ्यातला ठिपका नजरेबरोबर हलतो. हा हलत नाही, जागच्या जागी राहतो. शेवटी त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली, फिरत्या स्टुलावर बसवून गरगर फिरवलं आणि ठिपका दिसेल तिथे थांब म्हटलं. तो खिडकीकडे, समुद्राकडे तोंड करून थांबला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच. समुद्राकडे पाठ केली की त्याला काहीच दिसत नाही.
बाहेर अजय बसला होता, कणकवलीचा. तोही मनोऱ्यावरचाच. त्याला यातलं काही न सांगता पट्टी बांधली, फिरवलं आणि काही दिसलं तर थांब म्हटलं. तोही खिडकीकडेच थांबला. ठिपका दिसतो का विचारलं तर म्हणाला, ठिपका नाही तो, माणूस आहे. पाण्यात पाठमोरा उभा आहे.
सामंतसाहेबांना सांगितलं. ते हसले. पोरांना मनोऱ्यावर बसायचा कंटाळा आलाय, त्यात तुम्ही त्यांना स्टुलावर फिरवताय, म्हणाले. मंगेशला काही दिवस मनोऱ्यावर पाठवू नका, असं मी परत परत सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर त्याला तंदुरुस्त ठरवलं. नजर उत्तम आहे ना, मग झालं. एवढा राग मला कधी आला नव्हता. नीट तपासायला यंत्र नाही, आणि तपासलं तर ऐकायला माणूस नाही.

११ नोव्हेंबर
मंगेशलाही आता ठिपक्याच्या जागी माणूसच दिसतो. म्हणतो, तो जवळ आलाय. आधी क्षितिजाशी होता, आता लाटा फुटतात तिथे. वाईट म्हणजे मंगेश आता घाबरत नाही. "बरो मनीस दिसता," म्हणाला. परत सामंतसाहेबांकडे गेलो. तुमच्या कामापुरतं बघा, असं उत्तर मिळालं. मोठ्या इस्पितळात फोन केला. ते म्हणाले, तुमच्या डॉक्टरांमार्फत या.
बल्ब नाहीच.

१३ नोव्हेंबर
मंगेश नाही.
भर दुपारी मनोऱ्यावरून उतरला. दुर्बीण, बंदूक, बूट वरच ठेवलेले. पावलं वाळूवरून सरळ पाण्यात गेलीयत, परत आलेली नाहीत. होड्या फिरल्या, पाणबुडे उतरले. काही नाही. सामंतसाहेब म्हणतात, पळून गेला. बूट न घालता? मी ओरडलोच त्यांच्यावर. वरिष्ठांशी नीट बोला, एवढंच म्हणाले.
अजय माझ्या खोलीत येऊन बसला. डोळे घट्ट मिटलेले. म्हणाला, "दोघे आसत आता. दुसरो मंगेश."

१५ नोव्हेंबर
बल्ब आला. आता येऊन काय उपयोग!
अजयचा डोळा पाहिला. पडदा स्वच्छ, शिरा ठीक. नजर काढली तर समोर बारीक काळं काहीतरी. प्रखर उजेडात पाहिल्यावर राहतं तसं. थांबलो. गेलं नाही. डोळे मिटले. तरी —
स्टुलावर स्वतःच बसलो आणि ठिपका दिसेपर्यंत फिरलो. डोळे उघडले तेव्हा समोर खिडकी.
सामंतसाहेबांनी मला तपासलं. नजर उत्तम. तंदुरुस्त.
फक्त समुद्राकडे पाठ केली की बरं वाटतं. दिवसभर तशीच पाठ करून वावरतोय. सुगंधाकाकी विचारत होत्या काय झालं म्हणून. मान धरली, असं सांगितलं.

१६ नोव्हेंबर
अजयला घरी पाठवा म्हणून पाया पडायचा बाकी होतो. त्याला मनोऱ्यावर पाठवलं.
चारच्या चहाला आला नाही.
बघायचं नव्हतं. वळलो. तिघे. आता ठिपके नाहीत. दोघांचा गणवेश ओळखू येतो. गुडघाभर पाण्यात, पाठमोरे. वाळू अगदी जवळ —
सामंतसाहेब म्हणाले, दोघांनी मिळून पळायचं ठरवलं असणार. माझं बोलून झालंय सगळं.

१७ नोव्हेंबर
जीप मागितली. उद्या म्हणाले. सगळं उद्याच यांचं. चालत निघालो. रस्ता वळतो तिथे समुद्र समोर येतो — पुढे जाववलं नाही. परत आलो.
खिडकी बंद केलीय. डोळ्यांवर पट्टी. ओळी सरळ येत नसतील. समुद्राकडे पाठ, भिंतीकडे तोंड करून बसलोय. इकडे अंधार. इकडे काही दिसत नाही, हे बरं आहे.
आई, मला न्यायला
थांब. पाठ समुद्राकडेच आहे. चाचपून पाहिलं, खिडकी मागेच. भिंत पुढे.
मग हे तिघे समोर कसे
पाठमोरे नाहीत आता. मंगेश हात पुढे
ओला