बेटाची मागची बाजू

ती. लतिकाआत्यास,

स्वरदाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (चालण्यापुरते बरे असावेत. कारण खाली येईल.) तू फोन उचलत नाहीस, घरच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलीस, म्हणून कॉलेज रोडहून इंदिरानगरला टपालानं पत्र पाठवते आहे. रविवारी काय झालं ते आधी:

१. आम्ही चौघं सायखेड्याजवळच्या त्याच बेटावर गेलो.
२. तिघं परत आलो. बाबा राहिले.
३. मिसळ उशिरा खाल्ली.
४. मेन रोडला साडी घेतली. ती कोणी नेसणार नाही.

आता सविस्तर. गेल्या वर्षी बाबांनी होडीत माणसं मोजताना स्वतःला दोनदा मोजलं आणि तू बेटावर राहिलीस, हे तू सगळ्या नातेवाइकांना कळवलंच आहेस. मी ओझरला विमानाचे सुटे भाग मोजते. केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका फरक निघाला तरी भाग परत जातो. पाच माणसं मोजता न येणाऱ्या वडलांबद्दल मला काय वाटलं, ते वेगळं लिहीत नाही. यंदा त्यांनी पद्धत बदलली: होडीत चढताना प्रत्येकानं आपलं नाव मोठ्यानं घ्यायचं. होडीवाल्या बुधालाही त्यांनी सोडलं नाही. तो म्हणाला, "साहेब, मी नाय मागं राहत. होडीच माझी हाय."

बेटावर फिरण्याला बाबा ट्रेक म्हणतात. बेटाचा सर्वांत उंच भाग आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्याइतका आहे. त्यासाठी नवे बूट, काठी आणि गळ्यात शिट्टी. गौरांग (साखरपुडा तोंडावर आल्यापासून तो मोबाइलमध्येच राहतो) बाभळीवर जाऊन आदळला आणि बाभूळच वाटेत आली असं म्हणाला. आईनं चढाच्या सुरुवातीलाच सतरंजी पसरली. एकूण सहलीत शहाणपणाची कृती ती एवढीच.

निघताना सगळ्यांनी नावं घेतली. बाबांनी घेतलं नाही. ते तू बसली होतीस त्याच दगडावर बसले. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. लतिका इथेच बसली होती." तुझा फोन तेव्हा आईच्या पर्समध्ये होता, म्हणून त्यांनी आपला फोन आईच्या पर्समध्ये टाकला. तुझ्याकडे छत्री नव्हती, म्हणून छत्रीही नको. (टोपी मात्र घातली. प्रयोग तिथेच फसला.) आईनं बुधाला लवकर परत जायला बजावलं. तो जेवायला घरी गेला आणि जेवून झोपला. पक्षी बघायला आणलेल्या दुर्बिणीतून मी काठावरून बाबांना बघत राहिले. ते ताठ बसून आमच्याकडे बघत होते आणि त्यांच्या मागून एकेक करून म्हशी येत होत्या. मधल्या वेळात मी गाडी काढून पुलावरून पलीकडच्या काठाला जाऊन आले.

अखेर बुधानं त्यांना आणलं, तेव्हा तोंड लाल झालं होतं. आल्या आल्या म्हणाले, "म्हशी पोहून आल्या, अगं. एवढी नदी." मग, "एकटं बसलं की पाणी फार मोठं दिसतं." मिसळीच्या वेळी त्यांनी दुसऱ्यांदा रस्सा मागितला नाही. ते बघून गौरांगनंसुद्धा मोबाइल खाली ठेवला.

साडी साखरपुड्यासाठी घेतली. मोरपंखी, बारीक काठाची. आईला शोभेल, पण उपयोग नाही. दुकानातच ती म्हणाली, "घडी वन्सं मोडतील." नवी साडी आधी तू नेसायची आणि मग तिनं, हा तुम्हा दोघींचा माझ्या जन्माआधीचा शिरस्ता. मी लक्षात आणून दिलं, की दिवाळीची साडीही याच कारणानं कपाटात घडीतच पडून आहे आणि वन्सं फोन उचलत नाहीत. "मग हीसुद्धा राहू दे घडीत," म्हणाली. म्हणजे मुलाच्या साखरपुड्याला ती जुनी साडी नेसणार. आधी कोणी नेसली यानं कापडात फरक पडत नाही, असं माझं मत आहे. आईच्या मते पडतो. तो मोजता येत नाही, म्हणून मी वाद घातला नाही.

बाकी क्षेम. काकांना नमस्कार सांग.

स्वरदा

ता. क. बेटाच्या मागच्या बाजूला पाणी घोट्याएवढं आहे. म्हशी चालत आल्या. पुलावरून गेले तेव्हा मीही चप्पल हातात घेऊन अर्ध्यापर्यंत जाऊन आले. पलीकडे फुलाबाईंचं वांग्याचं शेत आहे. इथून माणसं जातात का, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "जात्यात की. मागल्या साली शहरातली एक बाई आली व्हती. भाकर खाल्ली, वांगी घेतली, अन् परत बेटावर जाऊन बसली. म्हणे, मला न्यायला येणारेत."

गेल्या वर्षी आम्ही तुला आणलं तेव्हा तुझ्या साडीचा काठ काळ्या चिखलानं भरला होता, पिशवी जड होती, आणि तू मिसळीला हात लावला नाहीस. आम्ही त्याला राग समजलो.

ता. क. २. बाबांना यातलं काही माहीत नाही. आमंत्रण घेऊन ते दोनदा तुझ्या फाटकापर्यंत आले आणि बेल न वाजवता परतले. (दोन्ही वेळा गाडी मी चालवत होते.) म्हशी पोहून आल्या, हा त्यांचा समज दुरुस्त करायची मला घाई नाही. साखरपुडा येत्या रविवारी आहे. शनिवारी येऊन दोन्ही साड्यांच्या घड्या मोड. येणार की नाही, ते गुरुवारपर्यंत कळव.