वाईन शॉपमध्ये वाईन मिळत नाही

१२ डिसें. २००६, मंगळ.
संजूचा ईमेल. भाऊराया शनिवारी येतोय, बायकोला घेऊन. लग्नाला दोन वर्षं झाली, एलेनाला पहिल्यांदाच बघणार आम्ही. 'ताई, तिच्या आईसारखं मेक्सिकन चिकन कर, खूश होईल.' खाली रेसिपी: मोसंबीचा रस, किसलेली साल, लिंबू, लसूण, जिरं, हिरवी मिरची. इथवर ठीक. शेवटची ओळ: सोबत गार व्हाईट वाईन हवीच.
ह्यांनी चौदा एप्रिलपासून थेंब घेतलेला नाही. संजूला सोडल्याचं ठाऊक नाही, कारण पीत होते हेच ठाऊक नाही. माहेरी मी कधी कळू दिलं नाही.
सायबर कॅफेत 'वाईन नको' टाइप केलं. खोडलं. परत टाइप केलं, परत खोडलं.

१३, बुध.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, मी आणतो. मी इतक्या जोरात 'नको' म्हटलं की शेजारच्या काकू दारात आल्या.

१४, गुरु.
शाळा सुटल्यावर थेट उल्हासनगर. बदलापुरात नको, मुलांचे पालक भेटतात. रांगेत सगळे पुरुष. बाई बघून वाट करून दिली, त्याचीच जास्त लाज वाटली.
शेठ म्हणाला, "वाईन में क्या बहनजी? व्हिस्की, रम?"
"वाईन में वाईन."
"वो तो नहीं रखते."
आणि बाहेर पाटी केवढी, वाईन शॉप! तिसऱ्या दुकानात वरच्या फळीवर एक धुळकट बाटली मिळाली. मेथीच्या जुडीखाली घालून आणली, तांदळाच्या डब्यात खुपसली. आपल्याच घरात चोरासारखं.

१५, शुक्र.
डबा तीनदा उघडून पाहिला. आहे जागेवर.
थोडं चिकन करून बघितलं. मोसंबी किसताना सालीखालचं पांढरंही आलं, सगळं कडू. ह्यांनी गुपचूप संपवलं, वर छान झालंय म्हणाले. काहीही.

१६, शनि.
आजचं जमलं. एलेनानं तांदळाच्या भाकरीत गुंडाळून खाल्लं आणि डोळे पुसले. मिरचीमुळे की आईमुळे, कोण जाणे.
वाईनचं बूच निघेना. आमच्याकडे कुठलं आलंय ते काढायचं! शेवटी ह्यांनी स्क्रू पिळून पकडीनं ओढलं. संजूनं टाळ्या वाजवल्या आणि एक ग्लास ह्यांच्यापुढेही ठेवला.
"घ्या ना दाजी. वाईन आहे, दारू थोडीच."
मी बोलायला हवं होतं. मी भात वाढत राहिले.
हे म्हणाले, "मी सोडलीय, संजू. फार प्यायचो. ताईनं सांगितलं नसेल तुला."
संजू माझ्याकडे बघत राहिला. मला ह्यांचा भयंकर राग आला. मग स्वतःचा.

१७, रवि.
पाहुणे सकाळीच गेले. जाताना संजू नुसतं 'ताई' म्हणाला.
अर्धी बाटली उरलीय. मोरीत ओतायला निघाले तर ह्यांनी हात धरला.
"राहू दे फ्रीजमध्ये. तू लपवतेस ना, तेव्हा मला जास्त दिसते. तांदळात होती तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं."
म्हणजे माहीत होतं! म्हटलं, मग काय, कायमची ठेवायची?
"ते मला नाही माहीत. पण ओतायची झाली तर मी ओतेन."
हो म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

१८, सोम.
ह्यांची सेकंड शिफ्ट. म्हणजे दुपारपर्यंत घरी एकटे. चौथीच्या वर्गात भागाकार तीनदा चुकले, मुलं हसली.
घरी आले तर हे कामावर गेलेले. ताट धुऊन पालथं घातलेलं. ते रोजच घालतात, त्यावरून काय कळणार?
येताना दूध आणलं. ओट्यावरच आहे. तासभर झाला, फ्रीज उघडलेला नाही.